थकलेलं कर्ज फेडल्यावर सिबिल रिपोर्टमध्ये काय बदलतं, काय बदलत नाही

थकबाकी भरून टाकली की सिबिल, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा रिपोर्ट, आपोआप सुधारतं, असं बहुतेकांना वाटतं. पण रिपोर्टला तुमचे पैसे दिसत नाहीत, बँकेने पाठवलेली नोंद दिसते. दोघांनी जवळपास सारखीच रक्कम भरली तरी एकाच्या खात्यावर ‘क्लोज्ड’ (पूर्ण भरून बंद) येतं आणि दुसऱ्याच्या खात्यावर ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेलं), आणि पुढे गृहकर्जाचा अर्ज केला की बँक त्या शब्दापाशीच थांबते. म्हणून या कामातला खरा भाग पैसे भरायच्या आधीचा आहे. एकदा रक्कम खात्यात जमा झाली की शेऱ्यावर बोलणी करायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

नोंद कोणाची, पैसे कोणाला

भारतात वसुली एजन्सीची वेगळी नोंद रिपोर्टमध्ये येत नाही. घरी येणारा किंवा फोन करणारा माणूस बँकेचा किंवा एनबीएफसीचा (कर्ज देणाऱ्या बिगर-बँक वित्त कंपनीचा) एजंट असतो. कर्ज त्याच्या मालकीचं नसतं आणि रिपोर्टमधली अक्षरं बदलायचा अधिकार तर त्याला मुळीच नसतो. ‘आज भरा, उद्या सिबिल क्लीन करून देतो’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तर ते सोडून द्या. रक्कम कधीही एजंटच्या यूपीआयवर किंवा रोख त्याच्या हातात देऊ नका. ती थेट कर्जखात्यात, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत भरायची आणि पावतीवर कर्जखात्याचा क्रमांक आहे की नाही हे तिथेच पाहायचं. (एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन त्या वेळेबाहेर आला तर नोंदवून ठेवा, बोलणी करताना उपयोगी पडतं.)

याला अपवाद एकच. बँकेने कर्ज एआरसीला, म्हणजे मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल तर आता तीच तुमची धनको, तिलाच पैसे द्यायचे. अशा वेळी जुन्या बँकेकडे पैसे भरून उपयोग नाही आणि एनओसीही (देणं संपल्याचा दाखला) एआरसीचीच लागते. कर्ज विकलं गेलंय का हे रिपोर्टमध्ये जुन्या बँकेच्या खात्यावर ‘अकाउंट सोल्ड’ असा शेरा आहे का यावरून कळतं. नसेल तर बँकेला लेखी विचारा. बँका विलीन झाल्या असतील तर वारस बँकेकडे जायचं. देना बँकेचं जुनं कर्ज असेल तर १ एप्रिल २०१९ पासून ते बँक ऑफ बडोदाकडे आहे, सिंडिकेट बँकेचं १ एप्रिल २०२० पासून कॅनरा बँकेकडे. रिपोर्टमध्ये मात्र जुनंच नाव दिसू शकतं.

आधी चारही रिपोर्ट काढा

आपल्याकडे चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलीभाषेत सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतात, पण पुढची बँक कोणत्या कंपनीचा रिपोर्ट ओढेल हे तुम्हाला माहीत नसतं. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट मिळतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. मोबाईल ॲप जो ‘फ्री स्कोअर’ दाखवतात त्यात बहुतेक वेळा नुसता आकडा आणि थोडा सारांश असतो, आणि सोबत कर्जाच्या जाहिराती. आपल्याला खात्यागणिक तपशील हवा आहे.

प्रत्येक थकीत खात्याखाली हे रकाने वाचा: करंट बॅलन्स, अमाउंट ओव्हरड्यू, क्रेडिट फॅसिलिटी स्टेटस, रिटन ऑफ अमाउंट (बुडीत धरलेली रक्कम; टोटल आणि प्रिन्सिपल असे दोन), सेटलमेंट अमाउंट, सूट फाइल्ड (दावा दाखल), डेट क्लोज्ड, डेट रिपोर्टेड. खाली महिनावार चौकोन असतात. त्यात मागच्या ३६ महिन्यांचा डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०४५’ म्हणजे ४५ दिवस उशीर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. काही बँका आकड्याऐवजी वर्गवारी पाठवतात: एसटीडी (स्टँडर्ड), एसएमए (स्पेशल मेन्शन अकाउंट), एसयूबी (सबस्टँडर्ड), डीबीटी (डाउटफुल), एलएसएस (लॉस). पहिल्या दोन अक्षरसमूहांपर्यंत खातं अजून चालू समजलं जातं. एसयूबीपासून पुढे ते एनपीए असतं, म्हणजे थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेलेली.

रिपोर्टच्या वर कंट्रोल नंबर असतो. तो लिहून ठेवा, पुढे तक्रारीला लागतो.

खातं कोणत्या अवस्थेत आहे त्यावर परिणाम ठरतो

खातं अजून चालू आहे, हप्ते मागे राहिलेत, पण एनपीए झालेलं नाही. इथे भरलेल्या प्रत्येक रुपयाचा परिणाम सगळ्यात चांगला. सगळी थकबाकी भरली की ओव्हरड्यू शून्य होतो आणि पुढच्या महिन्यापासून चौकोनात ‘०००’ यायला लागतं. मागचे ‘०३०’, ‘०६०’ तसेच राहतात. ते खरे असतील तर कोणीही पुसू शकत नाही. पण नवे चौकोन भरत जातात तसा त्यांचा भार कमी होतो.

या अवस्थेत एक चूक फार लोक करतात आणि त्यांना कळतही नाही. समजा हप्ता ₹८,५०० आहे, दर महिन्याच्या ५ तारखेला. जानेवारीत खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. फेब्रुवारीपासून हप्ता नियमित जातो आहे. माणूस म्हणतो, एकच चुकला, आता सगळं ठीक आहे. पण बँक आलेली रक्कम आधी सर्वांत जुन्या हप्त्याला वळवते. ५ फेब्रुवारीला भरलेले ₹८,५०० जानेवारीच्या हप्त्यात गेले, त्यामुळे फेब्रुवारीचा हप्ता थकला. मार्चचे पैसे फेब्रुवारीत गेले, मार्च थकला. महिनाअखेरीला खातं कायम एक हप्ता मागे. जानेवारीअखेर ‘०२६’, फेब्रुवारीअखेर ‘०२३’, मार्चअखेर पुन्हा ‘०२६’. वर्षभर पुढचा एकही हप्ता न चुकवता बारा चौकोन खराब. उपाय सोपा आहे: एक जादा हप्ता, त्यावरचं दंडाचं शुल्क आणि बाउन्स चार्ज एकदाच भरायचा. बाउन्स चार्ज साधारण ₹५०० च्या आसपास असतो. प्रत्येक संस्थेचा वेगळा, म्हणून खात्याचा उतारा काढून नेमका आकडा बघा. ॲपमध्ये नुसता ‘ईएमआय पेड’ हिरवा दिसतो, त्यावर जाऊ नका.

खातं एनपीए झालंय, पण बँकेने अजून रिटन ऑफ केलेलं नाही. इथे अर्धवट भरण्याने नोंद फारशी हलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकानुसार व्याज आणि मुद्दल दोन्हींची सगळी थकबाकी भरली तरच एनपीए खातं पुन्हा ‘स्टँडर्ड’ होतं. पाच हप्ते थकलेत आणि चार भरले, तर वर्गवारी तीच राहते. म्हणून हातात थोडीच रक्कम असेल आणि दोन वेगळ्या बँकांची कर्जं थकली असतील, तर दोन्हींत थोडी थोडी टाकण्यापेक्षा एक पूर्ण नियमित करणं शहाणपणाचं.

खातं रिटन ऑफ झालंय. याचा अर्थ बँकेने आपल्या हिशेबात ते बुडीत धरलं. कर्ज माफ झालेलं नाही आणि वसुलीचा हक्कही संपत नाही. या अवस्थेत दोन दारं असतात, आणि रिपोर्टच्या दृष्टीने ती फार वेगळ्या ठिकाणी नेतात.

पूर्ण भरणं आणि तडजोड

उदाहरण घेऊ. वैयक्तिक कर्जाची मुद्दल ₹१,८०,००० शिल्लक आहे. थकलेलं व्याज, दंड, जीएसटी, वकिलाचा खर्च धरून बँक ₹२,६४,००० मागते. चार फोननंतर ‘एकरकमी ₹१,१०,००० द्या, विषय संपवा’ असा प्रस्ताव येतो.

पूर्ण ₹२,६४,००० भरले तर करंट बॅलन्स शून्य, ओव्हरड्यू शून्य, डेट क्लोज्डमध्ये तारीख, आणि स्टेटसमध्ये ‘पोस्ट रिटन ऑफ क्लोज्ड’ यायला हवं. खातं एकेकाळी बुडीत गेलं होतं हे त्यातून दिसतं, पण शेवटी सगळे पैसे आले हेही दिसतं.

₹१,१०,००० भरले तर बॅलन्स आणि ओव्हरड्यू इथेही शून्यच होतात. पण स्टेटसमध्ये ‘पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड’ (खातं रिटन ऑफ झालं नसेल तर नुसतं ‘सेटल्ड’) येतं आणि सेटलमेंट अमाउंटमध्ये ₹१,१०,०००. पुढच्या बँकेने हे वाचलं की तिला एवढंच कळतं: या माणसाने कर्ज घेतलं आणि कर्ज देणाऱ्याला नुकसान सोसावं लागलं. अनेक बँकांच्या धोरणात ‘सेटल्ड’ शेरा असलेला अर्ज स्कोअर बघण्याआधीच बाजूला पडतो. त्यामुळे ‘माझा स्कोअर ७४० आहे तरी नकार का’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा स्कोअरमध्ये नसतं, या एका रकान्यात असतं.

तरीही तडजोड ही वाईटच, असं म्हणण्यात अर्थ नाही. पूर्ण रक्कम भरण्याची ऐपतच नसेल, व्याज वाढत असेल, खटला उभा राहत असेल, तर उघड्या ‘रिटन ऑफ’ नोंदीपेक्षा ‘सेटल्ड’ बरं. ज्याला पुढच्या दोन-तीन वर्षांत गृहकर्ज किंवा धंद्यासाठी कर्ज घ्यायचं आहे त्याने मात्र जमेल तेवढं ताणून पूर्ण भरण्याकडे जावं. ज्याला कर्ज लागणारच नाही त्याने दीड लाख वाचवण्यात काही गैर नाही.

मधला एक रस्ता असतो आणि तो फार थोडे लोक मागतात. रकमेची फोड लेखी मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंडाचं शुल्क किती, इतर खर्च किती. दंडाचं शुल्क मूळ रकमेत मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाचा हा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. समजा वरच्या ₹२,६४,००० मध्ये मुद्दल ₹१,८०,०००, व्याज ₹४८,०००, दंड आणि इतर शुल्कं ₹३६,००० आहेत. बँकेला म्हणा: मुद्दल आणि व्याज मिळून ₹२,२८,००० पूर्ण भरतो, शुल्कं माफ करा आणि खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवा. शुल्कं माफ करण्याचा अधिकार शाखेच्या किंवा विभागीय पातळीवर बऱ्याच बँकांत असतो. बँक मान्य करेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय मिळतही नाही.

राष्ट्रीय लोक अदालतीच्या नोटिशीबद्दल गैरसमज आहे म्हणून इथेच सांगतो. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो, खटला संपतो, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण रक्कम कमी करून मिटलं असेल तर रिपोर्टमध्ये तेही ‘सेटल्ड’च येतं. ‘कोर्टात मिटलं म्हणजे सिबिल साफ’ हे खरं नाही.

पैसे भरण्याआधी हातात काय हवं

बँकेच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं किंवा बँकेच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून आलेलं पत्र हवं. व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि एजन्सीच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. पत्रात कर्जखात्याचा क्रमांक, भरायची रक्कम, शेवटची तारीख, रक्कम कोणत्या खात्यात भरायची, त्यानंतर कोणतंही येणं राहणार नाही हे वाक्य आणि रिपोर्टमध्ये कोणता शेरा पाठवणार हे स्पष्ट लिहिलेलं असावं. शेवटचा मुद्दा बँका स्वतःहून लिहीत नाहीत. म्हणून आपणच पत्र द्या आणि त्यावर पोच घ्या. मजकूर असा चालेल:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: कर्जखाते क्रमांक ____ ची थकबाकी भरण्याबाबत. महोदय, सदर खात्याची आजअखेरची एकूण येणे रक्कम मुद्दल, व्याज, दंडशुल्क व इतर खर्च अशा फोडीसह कळवावी. मी रु. ____ दिनांक ____ पर्यंत एकरकमी भरण्यास तयार आहे. ही रक्कम जमा झाल्यावर खात्यावर कोणतेही येणे राहणार नाही, आणि चारही पतमाहिती कंपन्यांना खात्याची स्थिती “____” अशी कळवली जाईल, याची लेखी पुष्टी रक्कम भरण्यापूर्वी द्यावी. कर्जदार, सहकर्जदार व जामीनदार या सर्वांच्या नोंदी अद्ययावत करण्यात याव्यात.’

तडजोड हप्त्यांत ठरत असेल तर दोन गोष्टी बघा. एक हप्ता चुकला तर बहुतेक पत्रांत तडजोड रद्द होते, मूळ पूर्ण रक्कम परत उभी राहते आणि तोवर भरलेले पैसे जुन्या येण्यात जमा होतात. दुसरं, ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या चौकटीनुसार ते पुनर्रचना समजलं जातं, आणि रिपोर्टमध्ये ‘रीस्ट्रक्चर्ड’ हा आणखी एक शेरा लागू शकतो. शक्य असेल तर तीन महिन्यांच्या आत संपवा.

कर्ज फार जुनं असेल तर घाईने थोडी रक्कम टाकण्याआधी थांबा. विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला मुदत कायद्यानुसार साधारण ३ वर्षं असतात. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा सहीनिशी काही रक्कम भरली तर मुदत नव्याने सुरू होते. एजंट ‘निदान हजार रुपये तरी टाका, खातं चालू राहील’ म्हणतो त्यामागे हेही कारण असू शकतं. हजार रुपयांनी रिपोर्टमध्ये काहीच सुधारत नाही. अर्थात मुदत संपली तरी रिपोर्टमधली नोंद निघत नाही. दाव्याची मुदत आणि रिपोर्टमधली नोंद यांचा एकमेकांशी संबंध नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा.

भरल्यानंतर

पैसे भरल्याच्या दिवसाची पावती आणि बँक खात्याचा उतारा जपा. नंतर बेबाकी दाखला, म्हणजे एनओसी किंवा नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. तडजोड केली असेल तर बँक ‘सेटलमेंट लेटर’ देते. ते आणि नो ड्यूज एक नव्हे, शीर्षक वाचून घ्या. तारण कर्ज असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ₹५,००० भरपाई आहे, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. खटला दाखल असेल तर तो मागे घेतल्याचा कोर्टाचा आदेशही घ्या, नाहीतर ‘सूट फाइल्ड’चा शेरा वर्षानुवर्षं लटकत राहतो.

नोंद कधी बदलेल? १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याची माहिती पाठवायची असा नियम आला: १५ तारखेची आणि महिनाअखेरची. बँकेला पाठवायला ७ दिवस, कंपनीला चढवायला ५ दिवस. म्हणजे ३ तारखेला भरलं तर १५ तारखेच्या माहितीत येतं आणि २७ तारखेपर्यंत दिसायला हवं. १६ तारखेला भरलं तर पुढच्या महिन्याच्या १२ तारखेपर्यंत. व्यवहारात महिनाभर थांबा, मग चारही रिपोर्ट पुन्हा बघा. त्या आधी रोज स्कोअर तपासून काही होत नाही. (स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका.)

दुसऱ्यांदा रिपोर्ट बघताना फक्त बॅलन्सवर थांबू नका. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा. बॅलन्स शून्य झाला, पण स्टेटस अजून ‘रिटन ऑफ’च. डेट क्लोज्ड रिकामी, म्हणून खातं उघडं दिसतं. खातं बंद झाल्यानंतरच्या महिन्यांतही डीपीडी वाढत चाललेला. एआरसीची नोंद बंद झाली, पण मूळ बँकेच्या खात्यावर ओव्हरड्यू तसाच, त्यामुळे एकच कर्ज दोनदा थकीत दिसतं. सिबिलवर बदललं, पण क्रिफवर नाही. आणि सगळ्यात दुर्लक्षित: कर्जदाराची नोंद सुधारली, जामीनदाराची नाही. मित्राच्या कर्जाला सही केलेल्या माणसाला हे स्वतःच्या गृहकर्जाच्या वेळी कळतं.

क्रेडिट कार्डात वेगळीच गंमत होते. माणूस शेवटचं बिल भरतो आणि कार्ड विसरून जातो. बिल बनल्यापासून भरेपर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात ₹३४० म्हणून येतं, ते थकतं, त्यावर उशिराचं शुल्क लागतं, आणि दोन वर्षांनी रिपोर्टमध्ये काही हजारांचं ‘रिटन ऑफ’ दिसतं. रक्कम किरकोळ, पण शेरा मोठ्या कर्जाइतकाच वाईट. कार्डाची थकबाकी संपवताना पुढचं बिल शून्याचं आल्याची खात्री करा आणि कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्या. देणं शिल्लक नसेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹५०० द्यावे लागतात.

चूक राहिली तर

पतमाहिती कंपनी स्वतःहून आकडा बदलू शकत नाही. तुमची तक्रार ती बँकेकडे पाठवते आणि बँकेने हो म्हटलं तरच नोंद बदलते. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी तक्रार करा: कंपनीच्या संकेतस्थळावर कंट्रोल नंबर टाकून आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेलने. तक्रारीत ‘माझं सिबिल सुधारा’ असं लिहू नका. रकान्याचं नाव, आता काय दिसतंय, काय दिसायला हवं आणि पुरावा, एवढंच. उदाहरणार्थ: ‘खाते क्रमांक ____, क्रेडिट फॅसिलिटी स्टेटसमध्ये रिटन ऑफ दिसते, दि. ____ च्या पत्रानुसार पोस्ट रिटन ऑफ क्लोज्ड हवे. सोबत पावती आणि नो ड्यूज.’

तक्रार मिटवायला एकूण ३० दिवस आहेत, त्यातले २१ बँकेचे. ३० दिवस उलटले तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई मिळते. ५० व्या दिवशी चूक दुरुस्त झाली तर ₹२,०००. बँकेने २१ दिवसांत माहिती पाठवली नसेल तर भरपाई बँक देते. बँकेने वेळेत पाठवून कंपनीने चढवली नसेल तर कंपनी देते. ही व्यवस्था एप्रिल २०२४ पासून आहे. भरपाईपेक्षा तिचा उपयोग असा की पहिल्या ईमेलमध्ये तिचा उल्लेख केला की फाइल हलते.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, मदतीचा क्रमांक १४४४८. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून पहिली तक्रार फोनवर न करता लेखीच करायची. पैसे घेऊन सिबिल ‘रिपेअर’ करणारे हेच फॉर्म तुमच्या नावाने भरतात. खरी असलेली नोंद तेही काढू शकत नाहीत, आणि तोवर तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी त्यांच्याकडे गेलेला असतो.

‘सेटल्ड’ नंतर ‘क्लोज्ड’ करता येतं का

बऱ्याचदा येतं. ज्या बँकेने रक्कम सोडली तिच्याकडे जाऊन सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवायची, ती किती हे लेखी घ्यायचं, भरल्यावर स्टेटस बदलून पाठवणार का हे लेखी घ्यायचं, मगच भरायचं. जुन्या तडजोडीला पाच-सात वर्षं झाली असतील तर शाखेत फाइल सापडत नाही आणि कर्मचारी ‘खातंच दिसत नाही’ म्हणतात. अशा वेळी रिपोर्टची प्रत आणि सेटलमेंट लेटर घेऊन वसुली विभागाकडे किंवा नोडल अधिकाऱ्याकडे जावं लागतं.

‘सात वर्षांनी सगळं आपोआप पुसतं’ ही समजूत उलट्या बाजूने आली आहे. पतमाहिती किमान ७ वर्षं जपून ठेवायची, असा नियम आहे. त्यानंतर ती काढलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यामुळे उघडी ‘रिटन ऑफ’ नोंद काळाच्या भरवशावर सोडण्यात फायदा नाही.

स्कोअर किती वाढेल

नेमका आकडा कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि चार कंपन्यांची सूत्रं वेगळी. थकबाकी नुकतीच आणि खातं अजून चालू असेल तर भरल्यावर सुधारणा लवकर दिसते. जुनं रिटन ऑफ खातं बंद केलं तर पहिल्या महिन्यात स्कोअर जेमतेम हलेल, कधी जागचा हलणारही नाही. कारण सूत्र मुख्यतः अलीकडच्या परतफेडीकडे बघतं, आणि तुमच्याकडे चालू खातंच नसेल तर त्याला बघायला नवं काही मिळत नाही.

म्हणून बंद केल्यानंतर एखादं छोटं चालू खातं लागतं. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड खराब रिपोर्ट असतानाही सहसा मिळतं. ₹२०,००० ची ठेव, मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी वापर, आणि पूर्ण बिल ऑटो डेबिटने. ‘मिनिमम ड्यू’ भरून डीपीडी शून्य राहतो, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. तडजोड केलेली बँक स्वतः किमान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देणार नाही. शेतीकर्ज सोडून इतर तडजोडींसाठी रिझर्व्ह बँकेने हा काळ ठरवला आहे, त्यामुळे तिथे लगेच अर्ज करू नका. इतर ठिकाणीही एका आठवड्यात पाच अर्ज टाकले तर पाच एन्क्वायरी (बँकांनी रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी) नोंदल्या जातात आणि पुढच्या अधिकाऱ्याला घायकुतीला आलेला माणूस दिसतो.

पुढे कर्जाचा अर्ज कराल तेव्हा ऑनलाइन फॉर्मपेक्षा शाखेत जाऊन करा. संगणक शेरा बघून नकार देतो, माणूस कागद तरी वाचतो. अर्जासोबत नो ड्यूजची प्रत, भरणा पावती आणि थकबाकी का झाली होती ते सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र जोडा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, नोकरी गेली असेल तर त्याचं पत्र. मूळ नो ड्यूज कोणाकडेही देऊन टाकू नका. शाखा बदलतात, बँका विलीन होतात, आणि दहा वर्षांनी तोच कागद पुन्हा मागितला जातो.